अवकाशातल्या चित्रांचे रंग कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेम्स वेब दुर्बिणीची चित्रं बातम्यांत पाहून तुम्ही हरखून गेलात, चार जणांना दाखवलीत, आणि मग कोणीतरी सांगितलं की मूळ चित्रं काळी-पांढरी असतात, रंग मागाहून भरतात. तेव्हापासून तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय. विज्ञानाच्या कामात चित्रकाराने हात घालावाच का, असंही तुम्ही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो. दुर्बिणींनी पाठवलेल्या आकड्यांतून चित्र उभं करायचं, आणि ज्याचं छायाचित्र मिळणं शक्यच नाही त्याचं कल्पनाचित्र काढायचं. त्यामुळे आधीच सांगतो: रंग मागाहून येतात हे अगदी खरं. पण ती फसवणूक नव्हे. फसवणूक होते, मी होताना पाहिली आहे, पण ती रंग भरणाऱ्याच्या टेबलावर क्वचित होते. चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याच्याखालची ओळ गळून पडते, तिथे ती होते.

आधी ‘काळं-पांढरं’ म्हणजे काय ते पाहू. दुर्बिणीच्या डिटेक्टरला रंग कळत नाही. कुठल्या पिक्सेलवर किती प्रकाश पडला, एवढंच तो मोजतो. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यालाही रंग कळत नाही. त्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांची बारीक जाळी असते. प्रत्येक पिक्सेल तीनपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग फोनमधलं सॉफ्टवेअर शेजारचे पिक्सेल बघून अंदाजाने भरतं. म्हणजे घरातल्या समारंभाच्या फोटोतलाही बराचसा रंग गणितातून आलेला असतो. हबल किंवा वेबच्या कॅमेऱ्यावर अशी जाळी नसते. तिथे एक फिल्टर सगळ्या डिटेक्टरपुढे येतो, नोंद होते, मग दुसरा फिल्टर येतो, मग तिसरा. प्रत्येक ठिकाणचा प्रत्येक फिल्टरमधला प्रकाश खरोखर मोजलेला असतो. या बाबतीत फोनपेक्षा दुर्बीण जास्त काटेकोर आहे.

आता सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेतो. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या, म्हणजे एम १६ मधल्या, धूळ आणि वायूच्या तीन खांबांच्या नोंदी घेतल्या. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांचं ते काम. पुढे ते चित्र ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या नावाने जगभर गेलं. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं. नोंदी तीन अरुंद फिल्टरांतून घेतल्या होत्या: ऑक्सिजनचा प्रकाश ५०१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, हायड्रोजनचा ६५६ आणि गंधकाचा ६७२ च्या आसपास.

इथे पेच पडतो. हायड्रोजन आणि गंधक, दोघांचाही प्रकाश डोळ्याला लालच दिसतो. ‘जसं आहे तसं’ दाखवायचं म्हटलं तर दोन्ही एकमेकांत मिसळून एकच लाल लगदा होईल. आणि संशोधकाला तर नेमका त्यांच्यातला फरक हवा असतो, कारण जवळच्या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश त्या खांबांना कुठपर्यंत झिजवत आणला आहे, हे त्या फरकातून कळतं. म्हणून सर्वांत लांब तरंगलांबीला, गंधकाला, लाल दिला. मधल्या हायड्रोजनला हिरवा. सर्वांत आखूड ऑक्सिजनला निळा. हायड्रोजन खरा लाल असूनही चित्रात हिरवा झाला. पण क्रम मोडलेला नाही. वर्णपटात जो ज्याच्या पुढे होता तो पुढेच राहिला. गाण्याची पट्टी बदलली तरी चाल तीच राहते, तसं हे आहे. आमच्या कामातला हा पहिला नियम आणि मी तो फार कडक पाळतो. लांब ते लाल, आखूड ते निळं. कोणी केवळ छान दिसतं म्हणून हा क्रम उलटा केला, तर त्या चित्रातून काही वाचता येत नाही.

‘पण मी तिथे जाऊन पाहिलं तर मला काय दिसेल?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते, मला मात्र ते फार आवडतं. जवळ गेल्याने तेजोमेघ उजळ होत नाही. तुम्ही जितके जवळ जाल तितका त्याचा जास्त प्रकाश डोळ्यांत येईल हे खरं, पण तेवढ्याच प्रमाणात तो आकाशाचा जास्त भाग व्यापेल. आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड होता तेवढाच राहील. आणि इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. म्हणजे खांबांच्या पुढ्यात उभं राहूनही फिकट राखाडी धुकं दिसेल, तेही डोळे अंधाराला सरावल्यावर. ज्यांना ‘डोळ्याला दिसतं तेच खरं’ असं म्हणायचं आहे त्यांनी या राखाडीवर समाधान मानायला हवं. मग वायूंचे थरही गेले आणि त्यांच्यात चाललेली झीजही गेली.

वेबच्या बाबतीत तर डोळ्याचा प्रश्नच येत नाही. तिचा जवळच्या अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा ०.६ ते ५ मायक्रॉन पाहतो आणि मध्य-अवरक्ताचं उपकरण ५ ते २८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). आपली नजर ०.७ मायक्रॉनच्या आसपास संपते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वेबने टिपलेले तेच खांब प्रसिद्ध झाले तेव्हा ते अर्धपारदर्शक दिसले, कारण अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा पार जातो. मागचे आणि आतले तारे पडद्यामागचे दिवे दिसावेत तसे दिसू लागले. हबलचं चित्र खरं की वेबचं, असं मला विचारतात. दोन्ही खरी. एकाने धुळीचा पृष्ठभाग दाखवला, दुसऱ्याने धुळीच्या आतलं.

रंगापेक्षा जास्त जोखमीचं काम दुसरंच आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. ते म्हणजे स्ट्रेच. डिटेक्टरकडून येणाऱ्या आकड्यांत सर्वांत मंद आणि सर्वांत तेजस्वी जागांमध्ये हजारो पटींचा फरक असतो, आणि पडद्यावर प्रत्येक रंगाच्या साधारण २५६ पायऱ्या मिळतात. आकडे आहेत तसे पडद्यावर टाकले तर काळाकुट्ट चौकोन आणि त्यात चार-दोन पांढरे ठिपके, एवढंच दिसतं. मग मंद भाग वर ओढायचा, तेजस्वी भाग दाबायचा, तोही असा की मधली एकही पायरी हरवता कामा नये. एकेका चित्रात माझे दिवसचे दिवस इथेच जातात. दुसरा नियम इथला: जे कराल ते सगळ्या चौकटीला सारखं करा. एखादा कोपरा बातमीत उठून दिसावा म्हणून तेवढाच ब्रशने उजळायचा नाही. त्या क्षणी नोंद संपते आणि मनाचं सुरू होतं.

काढून टाकण्याला मात्र परवानगी आहे, तीही मोजकीच. वैश्विक किरण डिटेक्टरवर आदळून पडलेले पांढरे ओरखडे, डिटेक्टरांच्या जोडावरच्या रेघा, हे सगळं साफ करतात. वेबच्या नोंदीत फार तेजस्वी तारे मध्यभागी चक्क काळे येतात, कारण तिथे पिक्सेल भरून वाहतात आणि मोजमाप उरतच नाही. तो काळा ठिपका पांढऱ्याने भरतात. याउलट ताऱ्यांभोवतीचे टोकदार किरण कोणी पुसत नाही. ते वेबच्या १८ षटकोनी आरशांच्या कडांमुळे आणि पुढच्या आरशाच्या आधारदांड्यांमुळे पडतात. तो प्रकाश ताऱ्याचाच, आकार दुर्बिणीने दिलेला. १९९५ च्या त्या प्रसिद्ध चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी खाच दिसते, तीही अशीच: कॅमेऱ्याच्या चारपैकी एका डिटेक्टरची चित्रं जास्त मोठी येत, ती इतरांच्या मापात बसवायला लहान केली आणि उरलेली जागा रिकामी राहिली. ती कल्पनेने भरली नाही याबद्दल मला त्या मंडळींविषयी आजही आदर वाटतो.

चित्रकार खरोखर कुठे शिरतो, हेही लपवायला नको. अवकाशात वर-खाली नसतं. ते खांब उभे दिसतात कारण चित्र तसं फिरवून ठेवलं आहे. आडवं ठेवलं असतं तर त्यांना खांब कोण म्हणालं असतं? एकोणिसाव्या शतकात थॉमस मोरान आणि आल्बर्ट बीरश्टाट यांनी रंगवलेल्या अमेरिकी कड्या-दऱ्यांशी हबलच्या अशा चित्रांचं नातं कला-इतिहासकारांनी दाखवलं आहे, आणि मला ते पटतं. भव्यता कशी दिसते याची सवय आपल्या डोळ्यांना चित्रांनीच लावलेली आहे, आणि चौकट धरणाऱ्याच्या हातातही ती सवय असतेच. हे मान्य करण्यात विज्ञानाचा काही कमीपणा नाही.

आता फसवणुकीकडे येतो. नेपच्यूनची गोष्ट यासाठी सर्वांत बोलकी आहे. २५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेलं. त्याच्या ढगांचे पट्टे आणि मोठा काळसर डाग नीट दिसावेत म्हणून चित्रांचा कॉन्ट्रास्ट बराच वाढवला होता, आणि त्यात ग्रह गडद, शाईसारखा निळा झाला. रंग वाढवलेला आहे हे त्या वेळच्या चित्रओळींत लिहिलेलं होतं आणि ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना ते माहीतही होतं. पण चित्र वृत्तपत्रांत गेलं, तिथून पुस्तकांत, तिथून शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत. प्रत्येक मुक्कामावर ओळ थोडी आखूड झाली आणि शेवटी ‘नेपच्यून’ एवढा एकच शब्द उरला. शेजारचा युरेनस मात्र त्याच्या खऱ्या रंगाजवळच छापला जात राहिला, त्यामुळे दोन ग्रहांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असंच दोन-तीन पिढ्या शिकल्या.

जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबलवरचं एक उपकरण आणि चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरचं एक उपकरण यांच्या नोंदी वापरून रंगांचा हा तोल परत बसवला. या उपकरणांत प्रत्येक पिक्सेलपाशी रंगांचा सलग पट्टाच मिळतो, त्यामुळे मानवी डोळ्याला काय दिसेल ते नीट काढता येतं. दोन्ही ग्रह हिरवट छटेचे फिकट निळे निघाले. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचा धुरकट थर पातळ आहे. बातम्यांचे मथळे मात्र असे आले की जणू शास्त्रज्ञांना इतकी वर्षं रंगच माहीत नव्हता. खरं तर माहीत होता, लिहूनही ठेवला होता. मीही माझ्या कामात नेपच्यून कितीतरी वेळा गडद निळा रंगवला आहे, मूळ चित्रओळ न उघडता. ते संशोधन वाचल्यावर जुनी चित्रं काढून मी एकेक दुरुस्त करत बसलो होतो.

कल्पनाचित्रांच्या बाबतीत हा धोका दसपट असतो. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या जवळपासच्या आकाराचे सात ग्रह असल्याचं जाहीर झालं. तारा सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर. बातमीसोबत सात ग्रह ओळीने, कोणावर समुद्र, कोणावर बर्फ. ती चित्रं रॉबर्ट हर्ट आणि टिम पाइल यांनी काढली आणि जबाबदारीने काढली: व्यास, वस्तुमानाचे अंदाज, ताऱ्यापासूनचं अंतर, जे माहीत होतं ते सगळं पाळून. पण दुर्बिणीकडे ग्रहाचं चित्र असं काहीच नव्हतं. होता तो एका ताऱ्याच्या तेजाचा आलेख, आणि ग्रह समोरून गेला की त्यात पडणारी एक टक्क्याहूनही लहान खाच. मला विचाराल तर थक्क करणारी गोष्ट ती खाच आहे, आणि बातमीत ती क्वचितच छापतात. माझंही असंच एक परग्रहाचं चित्र एका नियतकालिकाने ‘कल्पनाचित्र’ हा शब्द गाळून छापलं होतं. मी कळवलं, दुरुस्ती पुढच्या अंकात आतल्या पानावर आली. तोपर्यंत ते चित्र ‘दुर्बिणीने टिपलेला नवा ग्रह’ म्हणून कुठल्या कुठे पोचलं होतं. त्यानंतर मी तो शब्द चित्राच्या आतच, कोपऱ्यात लिहायला लागलो. कोणी कापायचाच ठरवला तर कापेल, पण मग ते चुकून झालं असं म्हणता येणार नाही.

करोना विषाणूचं चित्र आठवा: राखाडी गोळा आणि लाल काटे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी २०२० च्या सुरुवातीला ते तयार केलं. विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, आणि दृश्य प्रकाशाची सर्वांत आखूड तरंगलांबीसुद्धा त्याच्या जवळपास चौपट. तो कोणत्या रंगाचा आहे हा प्रश्न त्या आकाराला नीटसा लागूच पडत नाही. काट्यांना लाल दिला तो नजर तिथे जावी म्हणून, कारण पेशीला चिकटण्याचं काम काटेच करतात. इथे रंग म्हणजे सरळ बोटाने दाखवणं. कृष्णविवराचंही तसंच. १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींचं आहे. नारिंगी हा निवडलेला रंग, तेजाच्या चढउतारासाठी.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, चित्रकाराने शिरावं का, याला मी उलट बाजूने उत्तर देतो: तो नव्हता तेव्हा काय झालं ते पाहा. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं रेखाटन केलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. उजेड-अंधाराची सीमारेषा त्याने वेडीवाकडी काढली, काही ठिपके काढले, पण ते काय आहेत हे त्याला उलगडलं नाही. गॅलिलिओला रेखाटनाची चांगली जाण होती, छाया-प्रकाशाने उंची-खोली कशी दाखवतात ते त्याला ठाऊक होतं. अंधाऱ्या बाजूला सुटे चमकणारे ठिपके दिसले तेव्हा, उन्हाने आधी गाठलेली ती डोंगरांची शिखरं आहेत, हे त्याने ओळखलं आणि सावल्यांवरून उंचीचा हिशेबही मांडला. १६१० मध्ये त्याची चित्रं छापून आली. त्यानंतरच्या हॅरियटच्या रेखाटनांत विवरं दिसू लागतात. चंद्र तोच होता. कसं पाहायचं ते कळलं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. एक चित्र म्हणजे २०० गुणिले २०० पिक्सेल, प्रत्येकी ६४ पायऱ्या, आणि पाठवण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ८ बिट. एका चित्राला आठेक तास लागत. यानाचा टेपरेकॉर्डर नीट चाललाय की नाही याची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना काळजी होती आणि संगणकाचं चित्र यायला वेळ होता. रिचर्ड ग्रम आणि सहकाऱ्यांनी येणारे आकडे कागदी पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या, दुकानातून पेस्टल खडू आणले आणि आकड्यांप्रमाणे हाताने रंगवायला सुरुवात केली. यानाने जवळून टिपलेला मंगळ जगाने पाहिला तो आधी अशा खडूच्या चित्रात. आज मी जे सॉफ्टवेअरने करतो ते हेच, आकड्याला रंग देणं. ते चित्र चौकटीत घालून त्या संस्थेत जपलं आहे.

यापुढे अशी बातमी समोर आली की मथळ्याआधी चित्राखालची ओळ वाचा. कोणती दुर्बीण, कोणते फिल्टर, कुठल्या फिल्टरला कोणता रंग, हे तिथे असेल तर निश्चिंत पाहा. ओळच नसेल तर मूळ संस्थेच्या पानावर जा, तिथे बहुधा असतेच. आवाजांचंही असंच. २०२२ मध्ये ‘कृष्णविवराचा आवाज’ म्हणून जे फिरलं, त्याचा आधार पर्सियस दीर्घिकासमूहातल्या गरम वायूमधल्या खऱ्या दाबलहरी आहेत. पण त्या आपल्या कानापर्यंत आणायला ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवल्या आहेत, आणि पुढे फिरलेल्या ध्वनिफितींत हे सांगणारं वाक्यच नव्हतं.

आणि मन अजूनही साशंक असेल तर स्वतः करून पाहा. हबल आणि वेबच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर ‘मास्ट’ या संग्रहात सर्वांसाठी मोफत खुल्या होतात. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याची कच्ची चित्रंही तशीच मिळतात. गरुड तेजोमेघाच्या तीन फिल्टरांच्या फिट्स फाइल्स (दुर्बिणींच्या नोंदी ज्या स्वरूपात साठवतात त्या) उतरवून घ्या, त्या उघडणाऱ्या फिट्स लिबरेटर या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पहिल्यांदा काळा चौकोनच दिसेल, घाबरू नका. स्ट्रेच हळूहळू वाढवा. मग तिन्ही चित्रं गिंप या चित्रं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, आखूडला निळा द्या. ताऱ्यांच्या कडांना रंगीत झालर दिसली तर तीन चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत, ती आधी जुळवा. एखादा रविवार जाईल. जमलं की खाली फिल्टरांची नावं लिहून मला पाठवा, मी पाहीन.